पाकिटावरचं नाव

शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मी तीसेक वर्षं अक्षरं काढली, आधी ब्रशने आणि पुढे संगणकावर. मंजन, अगरबत्त्या, वह्या, शेव-चिवडा, सगळ्यांची लेबलं माझ्या टेबलावरून गेली. त्यातली काही नावं आज महाराष्ट्रभर माहीत आहेत. पण ती माणसं माझ्यासमोर स्टुलावर बसून चहा पीत होती, तेव्हा त्यांना त्यांच्या गल्लीतसुद्धा कोणी ओळखत नव्हतं. मला त्यांच्याबद्दल एकच कुतूहल असायचं. जगात इतकी फुलं, पक्षी, देव, नद्या असताना या माणसाला मालावर स्वतःचंच नाव का टाकावंसं वाटतं? मी प्रत्येकाला विचारायचो.

लोणी काळभोरहून एक गुऱ्हाळवाले आले होते. त्यांना गुळाच्या ढेपेवर चिकटवायला लेबल हवं होतं. मी कागदावर मापं मांडत विचारलं, "गूळ हा शब्द केवढा घेऊ?"

"गूळ हाय ते दिसतंयच की," ते म्हणाले. "नाव लिवा. नाव दिसत न्हाई."

रविवार पेठेत अत्तरं विकणारं एक मुसलमान कुटुंब होतं, चार पिढ्या पुण्यातलं. त्यातले थोरले गृहस्थ वडिलांच्या वेळची बाटली घेऊन आले. तिच्यावर नुसतं मोगऱ्याचं फूल होतं. ते काढून त्यांना स्वतःचं नाव हवं होतं. "फुलाला कोण बोलणार?" ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला तक्रार करायला एक माणूस लागतो. नाव असलं की तो बरोबर माझ्या दारात येतो." मी ते उत्तर कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. नाव म्हणजे मिरवणं एवढंच मला तोवर वाटायचं.

आणि एक पेटी दुरुस्त करणारे होते. त्यांना नखाएवढी चिठ्ठी हवी होती, पेटीच्या आत, भात्याजवळ चिकटवायला. मी म्हटलं, आत कोणाला दिसणार? त्यांनी माझ्याकडे पुणेरी नजरेने पाहिलं. "जो उघडेल त्याला दिसेल. त्याच्या आधी कोणी उघडली होती हे त्याला कळलं म्हणजे झालं. बाकीच्यांना कळून काय उपयोग?"

बायका मात्र स्वतःचं नाव टाकायच्या नाहीत. पापड, लोणची, शेवया, कष्ट सगळे त्यांचे, पण नाव कुलदेवीचं, नाहीतर मुलाचं, नाहीतर सासूबाईंचं. "माझं कशाला?" असं हसून म्हणायच्या. माझ्या आठवणीत पहिल्यांदा स्वतःचं नाव कागदावर लिहून आणणारी बाई म्हणजे माझी वहिनी. आणि ते नाव मी छापलं नाही. तिच्या पाकिटावर मी दुसरंच नाव छापलं, आणि ते गाजलं. ते कसं झालं, हे मला सांगून टाकायचं आहे. नावं लिहिणार नाही. ज्या नावाने ही गोष्ट सुरू होते ते कोणा तिसरीचंच आहे, आणि तिचा यात काही दोष नाही.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आमच्याकडे तेव्हा नव्या सुनेचं पहिलं नाव बदलायची पद्धत होती. घरात आल्यावर लक्ष्मीपूजन व्हायचं, ताम्हनात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. मग ते नाव मोठ्याने सांगून साखर वाटायची. मुलीला कोणी विचारायचं नाही. विचारायचं असतं हेही कोणाच्या डोक्यात नव्हतं.

दादाला या गोष्टींचा कंटाळा. आदल्या दिवशी मांडवात खुर्च्या मोजता मोजता तो मला म्हणाला, "अरे, एखादं नाव सुचव. काकू सकाळपासून मागे लागलीये."

मी एक नाव सांगितलं.

"बरं आहे," दादा म्हणाला. "लिहायला अवघड नाही ना?"

"मुळीच नाही."

अवघड नाही हे मला चांगलंच माहीत होतं, कारण ते नाव मी दोन वर्षं रोज लिहीत होतो. आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्याशी माझी ओळखही नव्हती म्हटलं तरी चालेल. पण माझ्या प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर तिचं नाव होतं. साधं, मग वळणदार, मग जाड, मग सावली दिलेलं. अक्षरं काढायचा नाद मला तिथेच लागला. शिरोरेषा कुठे तोडायची, वेलांटी किती उंच न्यायची, हे मी कोणत्याही शाळेत शिकलो नाही. त्या एका नावावर शिकलो.

ते नाव घरात रोज ऐकू यावं, एवढाच माझा हेतू होता. इतका पोरकटपणा. ज्या मुलीला ते लावलं जाणार होतं तिचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. दादाने तांदळात नाव लिहिलं, गुरुजींनी उच्चारलं, आणि नवी वहिनी खाली मान घालून उभी होती. पहिले काही दिवस तिला हाक मारली की ती वळायची नाही. काकू म्हणायची, "जरा ऐकायला कमी येतं वाटतं." मग ती वळायला लागली.

तिचं माहेरचं नाव साधं होतं, जुन्या वळणाचं, तिच्या आजीचं. लग्नपत्रिकेत होतं. त्यानंतर आमच्या घरात ते कोणी उच्चारलं नाही.

काही वर्षांनी दादाच्या कारखान्यात टाळेबंदी झाली. तो घरी बसला. वहिनीच्या हातची चकलीची भाजणी आमच्या नात्यात प्रसिद्ध होती. दिवाळीच्या आधी बायका डबे घेऊन यायच्या. तिने ठरवलं की आता विकायची. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायची, प्रत्येक डाळ वेगळी भाजायची, धने-जिरे शेवटी. मंडईजवळच्या एका गिरणीवाल्याशी तिने रीतसर भांडण काढून ठरवून घेतलं होतं की गव्हावर भाजणी टाकायची नाही. एके दिवशी ती छापखान्यात आली आणि चौपदरी घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. "एवढं छापून द्या भाऊजी. घाई नाही, पण दिवाळीच्या आत."

ती गेल्यावर मी घडी उघडली. वर तिचं माहेरचं नाव होतं. आडनाव नाही, काही नाही. खाली 'चकलीची भाजणी'.

मी तो कागद बराच वेळ बघत बसलो होतो. आमच्याकडचे मशीनमन चाचा शेजारी शाई कालवत होते. त्यांनी विचारलं, "काय झालं? स्पेलिंग चुकलंय?"

"नाही," मी म्हटलं. "नावच वेगळं आहे."

"मग विचारून घ्या ना."

विचारलं नाही. मी स्वतःला कारणं सांगितली. लोक तिला या नावाने ओळखत नाहीत, दुकानदार गोंधळतील, परवाना दुसऱ्या नावाने आहे, दादाला काय वाटेल. सगळी कारणं बऱ्यापैकी खरी होती. पण त्यांच्याखाली एक होतं ते सांगतो. दुसऱ्या नावाची अक्षरं माझ्याकडे तयार होती. माझा हात त्या नावाला इतका बसलेला होता की ब्रश उचलला आणि एका बैठकीत ते झालं. मी तोवर काढलेल्या कामात ते सर्वांत चांगलं होतं. मी त्याच्या प्रेमात पडलो. नाव मुलीचं की वहिनीचं, हा प्रश्नच राहिला नाही. मला माझी अक्षरं छापून बघायची होती.

दोन हजार लेबलांचा गठ्ठा घेऊन मी घरी गेलो. वहिनीने वरचं लेबल उचललं, पाहिलं, मग मधलं एक काढून पाहिलं. जणू आत कुठे वेगळं निघेल.

"सगळी छापून झाली?" तिने विचारलं.

"हो."

"मग आता काय," ती म्हणाली. "वाया थोडीच घालवायची."

आणि लेबलं चिकटवायला खळ करायला उठली. मी सुटलो असं मला वाटलं. खरंच तसंच वाटलं.

भाजणी चालली. पहिल्या दिवाळीत सोसायटीत, दुसऱ्या दिवाळीत लक्ष्मी रोडवरच्या दोन दुकानांत, मग प्रदर्शनं, मग नाशिक, सोलापूर, ठाणे. दादा नोकरी शोधायची सोडून स्कूटरवर खोकी पोचवायला लागला. कोणी विचारलं, काय करता, तर म्हणायचा, "बायकोच्या नावावर जगतो." लोक हसायचे. वहिनीही हसायची. पुढे धायरीत एक शेड घेतली, शेजारीच राहायला घर घेतलं, पंधरा-वीस बायका कामाला आल्या. टेम्पोवर ते नाव आलं, माझ्याच अक्षरात, दोन फूट उंच. सिंहगड रोडला गर्दीत अडकलो की कधी कधी ते माझ्या पुढे उभं असायचं.

प्रदर्शनात बायका तिला पाकीट दाखवून विचारायच्या, "अय्या, म्हणजे या तुम्हीच का?"

"पाकिटावरची ना? हो," ती म्हणायची.

मी ते उत्तर अनेकदा ऐकलं आणि प्रत्येक वेळी दुसरीकडे बघितलं. मधूनमधून मला कुतूहल वाटायचं की ती वर्गातली मुलगी दुकानात हे पाकीट बघत असेल का, स्वतःचं नाव पाहून उचलत असेल का. पण त्याहून जास्त कुतूहल दुसऱ्याच गोष्टीचं होतं. वहिनीने त्या कागदाबद्दल मला कधीच का विचारलं नाही?

दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने तो धंदा विकत मागितला. धायरीच्या शेडमध्ये, पत्र्याच्या केबिनमध्ये बैठक झाली. कंपनीचे वकील, दादा, वहिनी, पुतण्या. मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण अक्षरं माझी होती आणि ती सोडून देतो असं मी लिहून द्यायचं होतं.

वकील नीट समजावून सांगत होते. "एकदा सही झाली की या नावाने तुम्हाला कुठलाही खाद्यपदार्थ विकता येणार नाही. मुलालाही नाही."

"चालेल," वहिनी म्हणाली.

"आई, थांब जरा," पुतण्या म्हणाला. "आपलं नावच देऊन टाकलं तर उरलं काय?"

"कढया आपल्याच राहणार आहेत."

वकिलांना वाटलं, बाईंच्या लक्षात आलेलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, साधारणपणे लोक इथेच अडतात. नाव स्वतःचं असतं ना, जीव तुटतो. म्हणून पुन्हा विचारतो."

"ते पाकिटावर माझ्या दिरांनी घातलंय," वहिनी म्हणाली. "त्यांना विचारा, त्यांचा तुटतोय का."

दादा हसला. वकीलही हसले आणि माझा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की ही अक्षरं मी प्रथम या मालाच्या वेष्टनासाठी काढली. वकिलांनी सहज विचारलं, "कधीची आहेत? साधारण साल सांगितलंत तरी चालेल."

तिथे मी अडलो. खोटी सही करायला खरं तर काही लागत नाही. त्या कागदाची कोणी कधी तपासणी केली नसती. पण 'प्रथम' या शब्दावर माझं पेन पुढे जाईना. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. आणि वहिनीला बाहेर बोलावलं.

बाहेर बायका डाळी निवडत होत्या. वहिनी एका रिकाम्या सतरंजीवर बसली आणि एक परात पुढे ओढली. "बसा. उभं राहून सांगू नका, सगळ्या बघतायत. हे मूग निवडा आणि बोला."

मी मूग निवडत सगळं सांगितलं. वर्ग, वह्या, मांडवातल्या खुर्च्या, दादाचा प्रश्न. माझं संपल्यावर तिने विचारलं, "कशी होती दिसायला?"

"आठवत नाही नीट. वेणी लांब होती."

"तिला माहीत होतं?"

"नाही."

"बोलला होतात का कधी?"

"एकदा. प्रॅक्टिकलची वही मागितली होती."

"दिली?"

"नाही."

"शहाणी होती," वहिनी म्हणाली, आणि खुदकन हसली. मग आणखी विचारत राहिली. कुठे राहायची, पुढे काय झालं, चकल्या करता येत असतील का तिला. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पस्तीस वर्षं अंगावर वागवलेल्या वस्तूची आधीची मालकीण कोण, याची चौकशी करावी तसं. मला हलकं वाटायला लागलं. वाटलं, संपलं.

मग ती म्हणाली, "त्याचं मला फारसं काही नाही भाऊजी. तेव्हा सगळ्यांचीच बदलायचे. कोणाचं देवीचं ठेवायचे, कोणाचं नटीचं. कुठून तरी उचललेलंच असायचं. पण मी तुम्हाला एक कागद दिला होता."

"हो."

"त्यावर काय लिहिलं होतं मी?"

तिने परातीतला हात थांबवला होता. मला ते सांगावं लागलं. तिचं नाव मी मोठ्याने उच्चारलं, आयुष्यात पहिल्यांदा. शेजारच्या एका बाईने कोणाला हाक मारली म्हणून मान वर करून पाहिलं.

"म्हणजे वाचता आलं होतं तुम्हाला," वहिनी म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, माझं अक्षर लागलं नसेल. घाईत लिहिलं होतं, ओट्यावर कागद ठेवून. तुम्हाला वाटलं असेल हे काहीतरी भलतंच, म्हणून माहितीचं ते छापलंत. मी इतकी वर्षं तेच धरून चालले होते."

मी चुकलो, असं काहीतरी पुटपुटलो असेन. मी मन मोकळं केलं तेव्हा माझं ओझं उतरलं, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तिने माझ्यासाठी सांभाळून ठेवलेलं एक कारण मी तिच्याकडून काढून घेतलं होतं. ती रागावली नाही. मी निवडलेले मूग तिने पुन्हा आपल्याकडे ओढले आणि त्यातून तीन खडे काढून बाजूला ठेवले.

"चला," ती म्हणाली. "वकील थांबलेत."

वकिलांना मी 'प्रथम' हा शब्द गाळायला सांगितला. त्यांनी काही न विचारता गाळला. मी सही केली. वहिनीने प्रत्येक पानावर सही केली, त्या नावाने, न थांबता, आणि शेवटी पेनाला टोपण लावून ते वकिलांना परत दिलं. पुतण्याचे डोळे भरले होते. तो बिचारा आईचं नाव गेलं म्हणून दुःखी होता.

पुढचे काही महिने मी धायरीला गेलो नाही. बायकोने विचारलं, भांडलात का? मी नाही म्हटलं. मग एक दिवस दादाचा फोन आला, "ही काहीतरी नवीन काढतेय. मेतकूट. तुला बोलावलंय."

मी जाताना ब्रश, शाई आणि चांगला कागद घेऊन गेलो. संगणक असूनही हाताने काढायचं ठरवलं होतं. कोणतं नाव असेल हे मला कळलं होतं. आदल्या दोन दिवसांत मी त्याचे पाच-सहा नमुनेही करून पाहिले होते. एकही जमला नव्हता, पण नेले.

तिने नमुने चष्मा लावून एकेक करून पाहिले आणि जुळवून माझ्याकडे परत दिले. "तुम्ही नको. तुमचा हात त्या दुसऱ्या नावाला बसलाय. सगळी अक्षरं तिच्यासारखीच वळतात."

खरं होतं. घरी ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिने स्वतःच लिहिलं होतं, नातवाच्या दुरेघी वहीच्या पानावर, जाड मार्करने. शिरोरेषा उजवीकडे चढत गेलेली, मधलं अक्षर बाकीच्यांपेक्षा मोठं, एक काना जरा वाकडा. "हे असंच्या असं घ्यायचं. तेवढं मशीनवर घालून द्या."

"हा काना थोडा सरळ करू?"

"नको."

"मधलं अक्षर..."

"भाऊजी."

मी पान घेतलं. छापखान्यात ते संगणकावर घेताना माझा हात तीनदा त्या कान्याकडे गेला. सवय वाईट असते. नवे मशीनमन म्हणाले, हे मुलाने लिहिलंय का, नीट करून घ्या. मी म्हटलं, मालकिणीने लिहिलंय, हात लावायचा नाही. एकच प्रत काढली आणि ती घेऊन धायरीला गेलो.

ती दुपारची वेळ होती. वहिनी जेवण आवरून व्हरांड्यात बसली होती. मी प्रत दिली. तिने ती मांडीवर ठेवली आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत वाचायला लागली, बँकेचा कागद वाचावा तशी. तीन अक्षरं वाचायला किती वेळ लागावा? तिने बराच घेतला. आतून दादाने हाक मारली, नेहमीच्याच नावाने. त्याला चहा हवा होता. "आले," ती म्हणाली, पण उठली नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत गेली, बोट उचललं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग चष्मा काढून म्हणाली, "छापा."